विद्युत गिटारचा नकोसा सूर

विद्युत गिटार अॅम्प्लिफायरला जोडली आणि आवाजाचे बटण थोडे पुढे सरकवले, की वादकाचे बोट तारेला लागण्यापूर्वीच तिच्यातून एक आवाज निघू लागतो. कधी तो भुंग्यासारखा घुमतो, कधी तापल्या तव्यावर पाणी शिंपडावे तसा चरचरतो, तर कधी मध्येच तडतड करून थांबतो. सणासुदीच्या रंगमंचावर, लग्नाच्या मांडवात आणि चर्चच्या गायकवृंदातही तो सर्वांच्या परिचयाचा आहे. इतका, की तो वाद्याचाच स्वभाव असावा असे मानून पुष्कळजण त्याकडे दुर्लक्ष करतात. वास्तविक या नकोशा आवाजाला स्वतःचा इतिहास आहे. तो घालवण्यासाठी माणसांनी सुमारे नव्वद वर्षे बुद्धी खर्च केली आहे, आणि प्रत्येक उपायाची काही ना काही किंमत मोजली आहे. ती किंमत बहुतेक वेळा सुराच्या गोडव्यात मोजावी लागली. क्वचित ती माणसाच्या प्राणाइतकी मोठी होती.

या इतिहासाचा आरंभ खरखरीत नाही, तो क्षीण आवाजात आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत अमेरिकेतील नृत्यवृंद मोठे होत गेले. पितळी वाद्ये आणि ड्रम यांच्या गदारोळात बिचाऱ्या गिटारचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोहोचेना. त्यातच 1915 साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या मोठ्या प्रदर्शनानंतर हवाईयन संगीताची लाट देशभर पसरली होती. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांब सरकवत वाजवायच्या या गिटारला लांबणारा, तरंगणारा सूर हवा होता. तो मोठा करण्याचा ध्यास ज्यांनी घेतला त्यांत जॉर्ज बीचम हे प्रमुख होत. मूळचे टेक्सासचे हे वादक आडनावाचे स्पेलिंग फ्रेंच वळणाचे लिहीत, उच्चार मात्र बीचम असाच करीत. फोनोग्राफच्या सुईमागील यंत्रणा मोडून तपासणे, घरातल्या कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर काढून तिच्यावर तांब्याची तार गुंडाळणे, असे त्यांचे उद्योग चालत. 1931 साली त्यांच्या प्रयोगातून लाकडात कोरलेली एक लहानशी गिटार सिद्ध झाली. गोल अंग आणि लांब दांडा अशा तिच्या आकारावरून लोकांनी तिला तळणीचा तवा, म्हणजे ‘फ्राइंग पॅन’ म्हटले. 1932 पासून तीच गिटार अॅल्युमिनियममध्ये ओतून विक्रीस आली. त्या व्यवसायात भागीदार असलेल्या अडॉल्फ रिकेनबॅकर यांचे नाव पुढे वाद्यांच्या जगात कायमचे राहिले.

बीचम यांच्या युक्तीचे मर्म एका वाक्यात सांगता येते. चुंबकाजवळ पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हेलकावते, आणि त्या क्षेत्रात तांब्याच्या तारेचे वेटोळे असेल तर त्यात तितक्याच हेलकाव्यांचा सूक्ष्म विद्युतप्रवाह उत्पन्न होतो. मायकेल फॅरडे यांनी 1831 साली शोधलेले तत्त्व ते हेच. या चुंबक-वेटोळ्याच्या जोडीला ‘पिकअप’ म्हणतात. तिच्यातून निघणारा प्रवाह अतिशय अशक्त असतो, म्हणून वेटोळ्याला हजारो फेरे द्यावे लागतात. तार केसासारखी बारीक, एक मिलिमीटरच्या सोळाव्या भागाइतकी.

पण अडचण येथेच उभी राहते. वेटोळ्याला डोळे नसतात. आपल्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र गिटारच्या तारेने हलवले की शेजारच्या ट्रान्सफॉर्मरने, हे त्याला कळत नाही. हजारो फेऱ्यांचे वेटोळे म्हणजे एक उत्तम एरियलच असते आणि घरातल्या विजेची प्रत्येक तार, प्रत्येक दिवा, प्रत्येक पंखा त्याच्याशी बोलत राहतो. ज्या गुणामुळे पिकअप ऐकते त्याच गुणामुळे ते नको ते ऐकते. त्यामुळे खरखर काढणे हे घर झाडण्यासारखे सोपे काम कधीच नव्हते.

बीचम यांनी पेटंटसाठी 1934 साली अर्ज केला, पण ते हाती पडायला 10 ऑगस्ट 1937 उजाडले. हे वाद्य खरोखर चालते तरी का, अशी शंका परीक्षकांनी घेतली आणि ती फेडण्यासाठी सोल होओपी यांच्यासारख्या हवाईयन वादकांना वॉशिंग्टनला नेऊन प्रत्यक्ष वाजवून दाखवावे लागले, असे सांगतात. तोवर इतर कारखाने पुढे सरसावले होते. कालामझू येथील गिब्सन कंपनीने 1936 साली ईएस-150 ही गिटार बाजारात आणली आणि चार्ली ख्रिश्चन या तरुण कृष्णवर्णीय वादकाने ती अजरामर केली. 1939 साली ते बेनी गुडमन यांच्या वृंदात दाखल झाले आणि 1942 साली, वयाची सव्वीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, क्षयाने गेले. एवढ्या अल्पावधीत त्यांनी गिटारला सॅक्सोफोनच्या बरोबरीने उभे केले. त्यांच्या पिकअपमध्येही घुमघुम होतीच. परंतु त्या काळच्या नृत्यगृहांतील गोंगाटात ती कुणाच्या कानावर येणार? अॅम्प्लिफायर लहान, मैफली गजबजलेल्या. खरखरीची तक्रार मोठी झाली ती पुढे, अॅम्प्लिफायरची ताकद वाढली आणि ध्वनिमुद्रणाच्या शांत खोल्यांत गिटार एकटी ऐकू येऊ लागली तेव्हा.

येथे थोडे थांबून एक भेद स्पष्ट करणे भाग आहे, कारण तो न कळल्यामुळे आजही अनेकांचा पैसा वाया जातो. आपण ज्याला सरसकट खरखर म्हणतो ते तीन वेगळे आवाज आहेत आणि त्यांची मुळे तीन ठिकाणी आहेत.

पहिला आवाज घुमण्याचा. ट्रान्सफॉर्मर, मोटर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक यांच्याभोवती विजेच्या लयीत हेलकावणारे चुंबकीय क्षेत्र असते आणि वेटोळे ते जसेच्या तसे उचलते. अमेरिकेत विजेची लय सेकंदाला 60 आवर्तनांची, आपल्याकडे 50. म्हणून आपली घुमघुम अमेरिकेतील घुमघुमीपेक्षा किंचित खालच्या स्वरात असते. या आवाजाची खूण अशी, की वादक गिटार घेऊन जागच्या जागी वळला तर तो कमी-जास्त होतो. एका विशिष्ट दिशेला तर जवळजवळ नाहीसा होतो. अनुभवी वादक रंगमंचावर थोडे तिरपे का उभे राहतात, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

दुसरा आवाज चरचरण्याचा. त्याचा चुंबकाशी संबंध नाही. विजेच्या तारांभोवतीच्या विद्युतक्षेत्रामुळे, विशेषतः दिवे मंद करणाऱ्या डिमरमुळे, वेटोळ्यावर आणि आतील तारांवर सूक्ष्म दाब निर्माण होतो. वादकाने तारांना हात लावला की हा आवाज दबतो, हात काढला की पुन्हा उसळतो. त्यावर उपाय एकच: पिकअप आणि आतील तारा यांभोवती धातूचा पडदा उभारून तो पडदा अॅम्प्लिफायरच्या अर्थिंगशी जोडणे.

तिसरा आवाज तडतडण्याचा, आणि त्याची कारणे अगदी घरगुती असतात. आवाजाच्या बटणाखालील कार्बनची पट्टी झिजलेली, जॅकची पत्ती सैल झालेली, सोल्डर सुटू आलेले. आणखी एक कारण कित्येकांना ठाऊकच नसते: गिटारच्या दर्शनी भागावरील प्लास्टिकच्या पट्टीवर हात घासून स्थिर विद्युत साचते आणि ती पिकअपजवळ ठिणगीसारखी निसटते. कोरड्या हवेत लोकरी स्वेटर काढताना होणारी तडतड आणि ही तडतड सख्ख्या बहिणी आहेत.

लिओ फेंडर यांना या तिन्हींची पुरेपूर जाण होती. 1938 साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढणारे हे गृहस्थ मूळचे हिशेबनीस. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे, हे त्यांच्या बाबतीतले सर्वांत गमतीचे सत्य. 1950 साली त्यांनी भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. तिलाच 1951 पासून टेलिकास्टर हे नाव मिळाले. 1954 साली तीन पिकअपची स्ट्रॅटोकास्टर आली. दोन्ही गिटारांच्या प्रत्येक पिकअपमध्ये वेटोळे एकच. त्यांतून निघणारा सूर काचेसारखा लख्ख. आणि त्या लख्खपणाबरोबर घुमघुम अपरिहार्यपणे आली. फेंडर यांनी ती सहन केली, मात्र इतर दोन आवाजांना शक्य तेथे अडवले. टेलिकास्टरच्या एका पिकअपवर धातूचे झाकण घातले. वेटोळी मेणात बुडवून काढली, जेणेकरून सैल फेरे स्वतःच थरथरून किंचाळू नयेत. 1950 च्या दशकाच्या अखेरीस स्ट्रॅटोकास्टरच्या प्लास्टिक पट्टीखाली अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा बसू लागला. आणि पूल, म्हणजे ज्यावर तारा टेकतात तो धातूचा भाग, अर्थिंगला जोडला. त्या जोडणीकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

या गिटारांची वेटोळी गुंडाळणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख इतिहासात क्वचितच होतो. यंत्र तार फिरवी, पण ती सरळ बसावी म्हणून हाताने दिशा द्यावी लागे. 1956 साली फेंडर कारखान्यात कामास लागलेल्या अॅबिगेल यबारा यांनी हे काम इतकी वर्षे आणि इतके सुबक केले, की पुढे त्यांची आद्याक्षरे असलेली पिकअप वादक मुद्दाम मागून घेऊ लागले. 2013 साली त्या निवृत्त झाल्या. तार किती ताणून धरायची, फेरे किती विस्कळीत पडू द्यायचे, हे हातालाच कळे, आणि त्याने सूर बदले.

घुमघुमीवर खरा प्रहार केला तो सेथ लव्हर यांनी. 1 जानेवारी 1910 रोजी कालामझूमध्ये त्यांचा जन्म झाला. आयुष्याचा काही काळ अमेरिकन नौदलात आणि काही काळ गिब्सनमध्ये अशी ये-जा करून 1952 साली ते गिब्सनमध्ये पुन्हा रुजू झाले. त्यांचे खरे प्रेम अॅम्प्लिफायरवर. एका अॅम्प्लिफायरची रचना करताना त्यातील एक वेटोळे ट्रान्सफॉर्मरची घुमघुम उचलते असे दिसल्यावर त्यांनी वेटोळ्यांची जोडी अशी बसवली की घुमघुम आपोआप विरून जावी. मग त्यांच्या मनात आले, की जे अॅम्प्लिफायरमध्ये साधते ते पिकअपमध्ये का साधू नये?

ही कल्पना अगदीच अपूर्व नव्हती हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. इलेक्ट्रो-व्हॉइस या कंपनीने 1934 च्या सुमारास मायक्रोफोनमध्ये अशा विरोधी वेटोळ्याचा उपयोग केला होता. लव्हर यांचे श्रेय आहे ते गिटारच्या सहा तारांखाली, हाताच्या दोन बोटांएवढ्या जागेत, कारखान्यात रोज शेकड्याने बनवता येईल अशी वस्तू घडवण्याचे.

तिची रचना पाहण्यासारखी आहे. दोन वेटोळी शेजारी-शेजारी आणि दोहोंखाली एकच पट्टीचुंबक. त्यामुळे एका वेटोळ्याच्या पोटात चुंबकाचा उत्तर ध्रुव येतो आणि दुसऱ्याच्या पोटात दक्षिण. शिवाय ती वेटोळी अशी जोडलेली, की एकातील प्रवाह दुसऱ्याच्या उलट दिशेने वाहावा. आता गिटारची तार थरथरली तर काय होईल? चुंबकाची दिशा उलटी म्हणून एक नकार, जोडणीची दिशा उलटी म्हणून दुसरा नकार. दोन नकारांचा होकार होतो आणि दोन्ही वेटोळ्यांतील सूर एकमेकांत मिळून वाढतो. बाहेरून येणाऱ्या घुमघुमीला मात्र पिकअपच्या चुंबकाशी काहीच देणेघेणे नसते. तिच्या वाट्याला जोडणीचा एकच नकार येतो. एका वेटोळ्यात ती जितकी चढते तितकीच दुसऱ्यात उतरते, आणि बेरीज शून्य. घुमघुमीला टक्कर देणारा म्हणून या पिकअपला ‘हंबकर’ हे नाव पडले.

यानंतरही चरचर उरतेच, कारण विद्युतक्षेत्राला ही युक्ती लागू पडत नाही. लव्हर यांना हे ठाऊक होते, म्हणून त्यांनी वेटोळ्यांवर धातूचे झाकण घालण्याचे ठरवले. परंतु धातू कोणता? पितळ वापरले तर त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात आणि सुरातील तीव्र अंश गिळून टाकतात. न गंजणारे पोलाद वापरून पाहिले तर त्याला सोल्डर धरेना. अखेर त्यांनी निवडले ते जर्मन सिल्व्हर. आपल्याकडील जुन्या घरांतील ताटवाट्या ज्या धातूच्या असत तेच. नावात चांदी असली तरी तांबे, निकेल आणि जस्त यांच्या या मिश्रधातूत चांदीचा कणही नसतो. वीज त्यातून पितळापेक्षा अवघडपणे वाहते, त्यामुळे भोवरे दुर्बळ राहतात, सोल्डर धरते, वर निकेलचा मुलामाही नीट बसतो. एका झाकणासाठी केलेला हा विचार मला स्वतःला मूळ शोधाहूनही अधिक शिकवून जाणारा वाटतो. पहिल्या नमुन्यात झाकण सपाट होते. त्यावर दिसणारे सहा स्क्रू नंतर आले, कारण विक्रेत्यांना गिऱ्हाइकापुढे बोलायला काहीतरी हवे होते. तसे लव्हर यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे.

22 जून 1955 रोजी पेटंटसाठी अर्ज गेला. 1956 साली हे पिकअप मांडीवर वाजवायच्या गिटारांत आणि 1957 पासून लेस पॉल नावाच्या प्रसिद्ध गिटारमध्ये बसू लागले. पेटंट 28 जुलै 1959 रोजी मिळाले. मधल्या काळात पिकअपच्या पाठीवर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाचे लहानसे लेबल चिकटवले जाई. पेटंट मिळाल्यावरही काही वर्षे ते तसेच राहिले, आणि नंतर जो क्रमांक छापला तो होता लेस पॉल यांच्या तारा अडकवण्याच्या कमानीच्या पेटंटचा! प्रतिस्पर्ध्यांनी नक्कल करू नये म्हणून मुद्दाम केलेली ही हूल होती की निव्वळ कारकुनी चूक, यावर गिटारप्रेमी आजही हिरिरीने वाद घालतात. त्या पहिल्या लेबलाची पिकअप आज ज्या किमतीला विकली जातात ती ऐकून त्या काळच्या कामगारांना भोवळच आली असती. कारण गुंडाळणी यंत्रावर फेरे मोजून थांबण्याची शिस्त तेव्हा नव्हती; साचा भरला की यंत्र थांबवायचे, असा प्रघात होता. साहजिकच प्रत्येक पिकअपचे फेरे थोडे निराळे पडत, दोन वेटोळी तंतोतंत समान नसत आणि घुमघुमीची बेरीज पूर्ण शून्य होत नसे. संग्राहक आता त्याच असमानतेला मोहक म्हणतात.

एकाच वेळी दोन ठिकाणी एकच फळ पिकावे, असे शोधांच्या इतिहासात वारंवार घडते. इलिनॉय राज्यातील कैरो या लहान गावात रे बट्स नावाचे एक अॅम्प्लिफायर बनवणारे गृहस्थ होते. प्रख्यात वादक चेट अॅटकिन्स यांनी आपल्या ग्रेच गिटारच्या घुमघुमीची त्यांच्याकडे तक्रार केली आणि बट्स यांनी स्वतंत्रपणे दोन वेटोळ्यांचे पिकअप तयार करून दिले. ग्रेच कंपनीने ते 1957 साली बाजारात आणले. बट्स यांचा अर्ज लव्हर यांच्यानंतर गेला, पण पेटंट 30 जून 1959 रोजी, म्हणजे जवळपास महिनाभर आधी हाती पडले. फेंडर यांनीही 1957 साली आपल्या बेस गिटारचे पिकअप दोन तुकड्यांत विभागून, प्रत्येकी दोन तारा वाटून देऊन, घुमघुम घालवली. बेस गिटारच्या बाबतीत हा उपाय मला सर्वांत देखणा वाटतो. प्रत्येक तार एकाच वेटोळ्यासमोर असल्यामुळे तिचा सूर मुळीच दडपला जात नाही.

हंबकरमध्ये तो थोडा दडपला जातो, आणि येथेच शांततेची पहिली किंमत दिसते. दोन वेटोळी तारेला दोन निरनिराळ्या जागी ऐकतात. बारीक लहरींच्या बाबतीत एका जागी चढ तर दुसऱ्या जागी उतार असे होऊन त्या परस्परांना खोडतात. हंबकरचा सूर त्यामुळे भरदार, मधाळ, पण कमी धारदार लागतो. ज्यांना धार हवी होती त्या वादकांनी घुमघुम पत्करली. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात तर कित्येक इंग्लिश आणि अमेरिकन वादकांनी लव्हर यांनी एवढा विचार करून बसवलेली जर्मन सिल्व्हरची झाकणे उपटून फेकली. सूर थोडा उजळतो आणि मोठ्या आवाजात झाकणाची शिट्टी वाजत नाही, असे त्यांचे म्हणणे. चरचर वाढली तरी हरकत नव्हती. लेस पॉल स्वतः मात्र अखेरपर्यंत वेगळ्या वाटेने गेले. फेरे कमी असलेल्या वेटोळ्यांचे पिकअप वापरावे, त्याचा अशक्त आवाज पुढे वाढवून घ्यावा, म्हणजे लांब वायरमधूनही स्वच्छ राहतो, हा त्यांचा आग्रह. गिब्सनने 1969 साली आणि पुन्हा 1971 साली तशा गिटार काढल्या. ध्वनिमुद्रकांना त्या आवडल्या. बाजाराला आवडल्या नाहीत. 1967 साली लव्हर गिब्सन सोडून फेंडर कंपनीत गेले आणि तेथेही त्यांनी एक हंबकर रचला. 31 जानेवारी 1997 रोजी कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले.

आपल्या देशात विद्युत गिटार आली तीही बरीचशी हवाईयन वाटेनेच. लखनौला जन्मलेले वॅन शिप्ली हे भारताचे पहिले विद्युत गिटारवादक म्हणून ओळखले जातात. मुंबईत त्यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या सुरावटी वाजवून काढलेल्या तबकड्या घरोघरी वाजत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962 ते 1965) लोकभाषेतील उपासनेबरोबर गिटारही ठिकठिकाणच्या गायकवृंदात शिरली, आणि कालांतराने तिच्यासोबत अॅम्प्लिफायर. आपल्या किनारपट्टीची हवा दमट, त्यामुळे प्लास्टिकवर साचणाऱ्या विजेची तडतड आपल्याला फारशी सतावत नाही. पण तीच खारी हवा जॅक आणि बटणांचे संपर्क गंजवते, म्हणून तिसऱ्या प्रकारचा आवाज येथे बहुधा गंजाचा असतो. असा आवाज ऐकून कुणी महागडे हंबकर विकत आणले तर त्याचा काडीइतका उपयोग होत नाही. बटण फिरवताना खरखर येत असेल तर ते बटण विद्युत संपर्क साफ करण्याच्या फवाऱ्याने धुवावे. वायर हलवताना तडतड होत असेल तर जॅक आणि सोल्डर तपासावे. वळल्यावर आवाज बदलत असेल तर दोष चोकजवळ उभे राहण्याचा. हात लावल्यावर दबत असेल तर आतील पोकळीला तांब्याचा पातळ पत्रा किंवा ग्राफाइटचा वाहक रंग लावून तो अर्थिंगला जोडावा. दुरुस्तीचा खर्च बहुतेक वेळा एका तारांच्या संचाहून जास्त होत नाही.

शेवटच्या खुणेचा, हात लावल्यावर दबणाऱ्या आवाजाचा, विचार अधिक गंभीरपणे करावा लागतो. पूल अर्थिंगला जोडलेला असतो, म्हणून तारा अर्थिंगला जोडलेल्या असतात, म्हणून तारांना हात लावणारा माणूसही. माणसाचे शरीर स्वतःच विद्युतक्षेत्राचे एरियल असते. ते अर्थिंगला जोडले गेले की एरियल न राहता पडदा होते आणि चरचर थांबते. युक्ती साधी, स्वस्त आणि परिणामकारक. पण तिचा अर्थ असा, की वादकाचे शरीर वाद्याच्या विद्युतमंडलाचा भाग बनले. अॅम्प्लिफायरचे अर्थिंग निर्दोष असेल तोवर त्यात धोका नाही. ते नसेल, आणि समोरचा मायक्रोफोन दुसऱ्याच यंत्रणेला जोडलेला असेल, तर एक हात तारांवर आणि ओठ किंवा दुसरा हात मायक्रोफोनवर म्हणजे मध्ये काळीज.

3 मे 1972 रोजी वेल्समधील स्वान्सी येथे स्टोन द क्रोज या वृंदाचे वादक लेस हार्वी कार्यक्रमाच्या वेळी अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून रंगमंचावरच मृत्युमुखी पडले. 1976 च्या मे महिन्यात यार्डबर्ड्स या वृंदाचे एकेकाळचे गायक कीथ रेल्फ घरी गिटार वाजवत असताना सदोष अर्थिंगमुळे गेले. दोघेही तिशीच्या आसपासचे. या घटनांनंतर काही दुरुस्ती करणारे पुलाच्या तारेत एक लहान कपॅसिटर आणि रोध बसवू लागले: चरचर त्यातून निघून जाते, पण जीवघेणा प्रवाह अडतो. रॉब टर्नर यांनी 1976 साली सुरू केलेल्या आणि पुढे ईएमजी नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीने बॅटरीवर चालणारी पिकअप बनवली. त्यांत फेरे कमी, पडदा आतच, त्यामुळे तारांना अर्थिंगशी जोडण्याची गरजच उरली नाही. काहींना त्यांचा सूर कोरडा वाटतो, आणि तो थोडा आहेही.

तिसरी पिन कापून टाकलेले प्लग, दोन पिनांच्या एक्स्टेंशनवर चढवलेला अॅम्प्लिफायर आणि मांडवासाठी शेजारच्या घरातून ओढलेली वायर आपल्याकडे आजही पाहावयास मिळते. कधी कधी तर घुमघुम कमी व्हावी म्हणून कुणी शहाणा मुद्दामच अॅम्प्लिफायरचे अर्थिंग तोडतो, आणि घुमघुम खरोखर कमी होतेही. दोन यंत्रणांची अर्थिंगे मिळून झालेले वर्तुळ त्याने तुटलेले असते. अशा वेळी तोडायची असते ती दोन यंत्रणांमधील आवाजाच्या वायरच्या कवचाची एका टोकाची जोडणी, किंवा मध्ये बसवायचा असतो एक लहान ट्रान्सफॉर्मर. प्लगची तिसरी पिन नव्हे.

जुनी स्ट्रॅटोकास्टर हाती आली तर तिच्या पाठीवरील प्लास्टिकचे झाकण काढून पाहावे. आत स्प्रिंगा दिसतील, त्या ज्याला अडकवल्या आहेत तो धातूचा पंजा दिसेल, आणि त्या पंजाला सोल्डर केलेली एक बारीक वायर. तारांना हात लावून चरचर दबत नसेल, पण जॅकच्या धातूला बोट लावताच दबत असेल, तर बहुधा तीच वायर तुटलेली असते. ती पुन्हा जोडायला पाच मिनिटे लागतात. जोडण्यापूर्वी भिंतीतील सॉकेटचे अर्थिंग टेस्टरने पाहून घ्यावे. त्याला दोन मिनिटे.